वृद्धांची स्मृती : चाचणी, चित्रण आणि तलासरीचे पाडे

वनहक्क अधिनियम, २००६ खालील नियमांमध्ये दाव्याच्या पुष्ट्यर्थ विचारात घ्यावयाच्या पुराव्यांची एक यादी दिलेली आहे. शासकीय अभिलेख, पावत्या, नकाशे, घर-बांध-विहीर यांसारख्या प्रत्यक्ष खुणा यांच्या जोडीला त्या यादीत आणखी एक पुरावा आहे : दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तींनी केलेले आणि लेखी नोंदविलेले कथन. १३ डिसेंबर २००५ पूर्वी हा तुकडा कोण कसत होते, बांध कोणी घातला, राब कोठे भाजला जात असे, हे सांगणारा कागद ज्या कुटुंबांपाशी नाही, त्यांच्यासाठी पाड्यावरील आजा-आजीची आठवण हाच दस्तऐवज ठरतो. तलासरी तालुक्यात दर दहा माणसांतील सुमारे नऊ अनुसूचित जमातींची आहेत. शेजारच्या डहाणू तालुक्यातही वारली, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कोकणा, कातकरी यांचीच वस्ती मोठी आहे. अशा प्रदेशात वृद्धांची स्मृती ही केवळ त्यांच्या घरची बाब राहत नाही.

आणि तरीही, याच पाड्यांवर एखादी वृद्धा सारखे विसरू लागली की तिच्याकडे दुर्लक्ष होते. “वय झाले, चालायचेच” असे म्हटले जाते. कोठे भगताकडे नेले जाते. कोठे सुनेवर “सासूला जेवायला घालत नाही” असा आळ येतो, कारण सासू जेवून उठल्यावर घटकाभरात शेजारी जाऊन उपाशी असल्याचे सांगते. या शेवटच्या प्रसंगात भांडण मिटवावयास पंचायत सदस्य जातो. पण हे लक्षण आजाराचे असू शकते, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखाचा हेतू हे सांगण्याचा आहे. वृद्धांच्या विसरण्याची परीक्षा कशी करतात, मेंदूची चित्रे कशी घेतात, त्यांतून काय कळते आणि काय कळत नाही, व तलासरी-डहाणूसारख्या भागात यांपैकी किती उपयोगी पडते, याचा येथे विचार केला आहे.

विसरणे आणि स्मृतिभ्रंश

वयोमानाने माणूस काहीसा विसराळू होतो. चंची कोठे ठेवली हे आठवत नाही, एखादे नाव जिभेवर येऊन थांबते. पण थोड्या वेळाने ते आठवते आणि नित्याचा व्यवहार अडत नाही. स्मृतिभ्रंश ही याहून निराळी अवस्था होय. तीत स्मरणशक्तीबरोबर दिशेचे भान, भाषा, हिशेब, निर्णय यांपैकी काही ना काही ढासळते आणि माणूस आजवर जे काम सहज करीत आला ते त्याला जमेनासे होते. कामकाज अडणे हीच येथील खरी कसोटी आहे. या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे : चाचणीत उणेपणा दिसतो, घरच्यांनाही जाणवतो, परंतु व्यवहार अजून अडलेला नसतो. या पायरीवरील प्रत्येकजण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातोच असे नाही. काहीजण वर्षानुवर्षे तेथेच राहतात, काही सुधारतात.

स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत. त्यांतील सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथील सभेत एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूत मृत्यूनंतर आढळलेले विकार प्रथम मांडले. १९१० मध्ये या आजाराला त्यांचे नाव मिळाले. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या दोषामुळे होणारा स्मृतिभ्रंश हे दुसरे मोठे कारण. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि पक्षाघाताचे लहान-मोठे झटके यांच्याशी त्याचा संबंध आहे. पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचा विकार आढळतो; या विकारात बाहेरून कोणताही झटका न दिसता मेंदूत बारीक इजा होऊ शकते, हेही येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

भारतात हा प्रश्न केवढा आहे? मुंबईच्या एका वस्तीत ४० वर्षांवरील २४,४८८ व्यक्तींची पाहणी करण्यात आली होती; २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत तर ते १.३६ टक्के इतके कमी निघाले. त्यानंतर मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रव्यापी पाहणीला जोडून ४,०९६ वृद्धांची सविस्तर तपासणी करण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून अधिक आणि ग्रामीण भागात (८.४ टक्के) शहरांहून (५.३ टक्के) अधिक आहे.

एवढी तफावत पाहून वाचक चकित होईल. मोजण्याच्या पद्धती व वयोगट निरनिराळे होते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, एकत्र कुटुंबात वृद्धाची कामे दुसऱ्यांनी आधीच उचललेली असतात. ज्या आजीला गेली पाच वर्षे कोणी बाजारात पाठविलेलेच नाही, तिला बाजारहाट जमत नाही हे घरच्यांना कळणार कसे? खेड्यात हा आजार नाही, तो शहरी लोकांचा आहे, हा समज अशाच रीतीने पोसला गेला असावा. वरील आकडे त्याच्या नेमके उलट बोलतात.

शाळा न पाहिलेल्याची परीक्षा

स्मरण व आकलन तपासण्याची सर्वांत प्रसिद्ध चाचणी अमेरिकेत फोल्स्टाइन दांपत्य व मॅक्ह्यू यांनी १९७५ मध्ये तयार केली. ३० गुणांची ही चाचणी दहा मिनिटांत होते. आजची तारीख, वार, ठिकाण. तीन शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा सांगणे. शंभरातून सात-सात वजा करणे. एक वाक्य वाचून तसे करणे. एक वाक्य लिहिणे. एक आकृती पाहून काढणे, असे तिचे स्वरूप. २४ हून कमी गुण मिळाल्यास शंका घ्यावी, असा संकेत रूढ झाला.

हा संकेत तलासरीच्या पाड्यावर जसाच्या तसा नेला तर काय होईल? अमेरिकेतच १९९३ साली १८,०५६ प्रौढांच्या गुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ किंवा अधिक वर्षे शाळेत गेलेल्यांचे मध्यम गुण २९ होते. चार वर्षांपेक्षा जास्त शाळा न पाहिलेल्यांचे २२. म्हणजे धडधाकट मेंदूचा, केवळ शाळा न मिळालेला माणूस त्या चाचणीत निम्म्याहून अधिक वेळा नापास ठरतो. वाचावयाचे वाक्य त्याला वाचता येत नाही, हा त्याच्या मेंदूचा दोष नव्हे. तो त्याच्या गावाच्या इतिहासाचा दोष आहे.

ही अडचण भारतीय संशोधकांनी ओळखली. बल्लभगढच्या पाहणीसाठी मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी सिद्ध केली. तीत शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन-तीन वजा करावयाचे. वारांची नावे उलट्या क्रमाने सांगावयाची. आंबा, खुर्ची, नाणे हे शब्द लक्षात ठेवावयाचे. वाचण्याच्या प्रश्नाऐवजी “मी करतो तसे करा” असे म्हणून परीक्षक डोळे मिटतो. लिहिण्याच्या प्रश्नाऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयास सांगितले जाते. बदल लहान दिसतात. परंतु प्रश्न अक्षराकडून माणसाकडे वळविण्याचे काम त्यांनी केले.

तथापि, हिंदी चाचणीचे प्रमाण-मराठी भाषांतर करून तलासरीत वापरणे हीदेखील अर्धीच वाट होय. येथील वृद्धांची घरची बोली वारली. कोणाची धोडिया, जी गुजरातीला जवळची. सरकारी कचेरीतील मराठी त्यांना समजते, पण ती त्यांच्या विचाराची भाषा नसते. परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा येते आणि कागदावर तो उशीर मेंदूच्या खाती मांडला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तयार झालेला चाचणी-संच २०२० साली हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषांत प्रसिद्ध झाला. त्या यादीत मराठी नव्हती, मग वारलीचे नाव कोठून असणार?

कालगणनेचेच पाहा. “आज तारीख काय?” या प्रश्नाला पाड्यावरील निरोगी वृद्धाही निरुत्तर होईल. तिला पुनव झाली की अवस जवळ आली हे ठाऊक असते. आवणी उरकली का, नागली निवडून झाली का, महालक्ष्मीची जत्रा किती दिवसांवर आली, होळीला लाकडे कोण आणणार, हे ती सांगू शकते. आवणी चालू असता जी “आता होळी येईल” असे म्हणते, तिची काळाची जाण ढळली आहे, असे मानण्यास आधार आहे. तारीख न सांगता येण्यास तसा आधार नाही.

आकृती काढण्याचा प्रश्न तर अधिकच विचार करण्यासारखा आहे. हाती कधी पेन्सिल न धरलेल्या माणसाला एकमेकांत गुंतलेल्या आकृत्या काढावयास सांगणे अन्यायाचे, असे आपण सहज म्हणू. पण हाच तो प्रदेश आहे, जेथे लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आणि जेथील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्रिकोण, वर्तुळ व चौकोन यांच्या बळावर जगभर कीर्ती मिळविली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. जिचा हात जन्मभर चौक लिहिण्यात तरबेज होता ती वृद्धा चौकाची मांडणीच विसरली, तर ती बाब कोणत्याही छापील चाचणीहून बोलकी मानावी लागेल. लग्नविधीत लांबलचक गाणी मुखोद्गत म्हणणाऱ्या धवलेरीच्या बाबतीतही तेच. माणसाला जे येत होते त्याच्याशी ताडून पाहावे, इतरांच्या शाळेशी नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते या भागापुरता तरी हा नियम चाचणीच्या गुणांहून वरचा मानावयास हवा.

सुनेला विचारा

यासाठीच रुग्णाच्या परीक्षेइतकेच घरच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नांना महत्त्व आहे. बल्लभगढच्या त्याच प्रकल्पात नित्यक्रमावर आधारलेली एक प्रश्नावली तयार झाली. तिचे प्रश्न साधे आहेत. आत्ताच जेवल्याचे विसरून पुन्हा जेवण मागतात का? सांगितलेला निरोप पोचवितात का? हाती घेतलेले काम अर्धवट टाकतात का? होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का? घरातील लग्नकार्यासारख्या महत्त्वाच्या गोष्टीत मत देतात का? गावातल्या गावात वाट चुकतात का? अशा प्रश्नांना अक्षरओळख लागत नाही. लागते ते वृद्धाबरोबर रोज राहणारे माणूस, आणि ते बहुधा सून किंवा मुलगी असते.

आशा कार्यकर्तीकडे असलेल्या तपासणी-सूचीत साठीवरील व्यक्तींसाठी काही खास प्रश्न आहेत. त्यांत जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का, असा एक प्रश्न आहे. ही तरतूद स्वागतार्ह खरीच. परंतु दोन गोष्टी लक्षात घेणे बरे. एक म्हणजे, हा प्रश्न विसरणाऱ्यालाच विचारला तर तो बहुधा “नाही” असेच म्हणेल. आपण विसरतो हे न कळणे हाच या आजाराचा एक भाग असतो. दुसरे म्हणजे, पाड्यावरच्या घराला पोस्टातला पत्ता नसतो. बाजाराच्या वाटेवरून घर कसे सापडते, ओहोळ ओलांडावा लागतो की नाही, असे विचारले तर उत्तराला अर्थ येईल. सूचीतील शब्द तेच ठेवून विचारण्याची रीत बदलण्यास कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्याला नीट ऐकू येत नाही, ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जो नुकताच मोठ्या दुःखातून गेला आहे, अशा माणसाची परीक्षा आधी त्या अडचणी पाहून मगच करावी. ऐकू न आलेला शब्द कोणालाच आठवणार नाही.

मेंदूची चित्रे

माणूस जिवंत असता त्याच्या कवटीच्या आत पाहणे १९७१ पर्यंत जवळजवळ अशक्य होते. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते, मेंदू दिसत नाही. त्या वर्षी इंग्लंडमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे स्तरचित्र घेतले. निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडून, ते किती अडले याची मोजदाद गणकयंत्राला देऊन, काकडीच्या चकतीसारखा मेंदूचा एकेक थर दाखविणे, हे या सी.टी. स्कॅनचे तत्त्व. हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एम.आर.आय. यंत्रात क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे अणू आहेत. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात ते ठरावीक रीतीने वागतात, रेडिओलहरींनी ढळतात आणि पूर्ववत होताना संकेत देतात. त्या संकेतांतून चित्र घडते. १९७३ साली लॉटरबर यांनी ही कल्पना सिद्ध केली. त्यांना व मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. मेंदूच्या मऊ भागांचे बारकावे सी.टी.पेक्षा यात पुष्कळ स्पष्ट दिसतात. तिसरा प्रकार पेट चित्रणाचा. यात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन मेंदूचा कोणता भाग साखर किती वापरतो, किंवा अल्झायमरशी निगडित प्रथिन कोठे साठले आहे, हे पाहतात. भारतातील या तंत्राचा प्रारंभ २००२ साली मुंबईत परळ येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सारी वैद्यक केंद्रात झाला.

स्मृतिभ्रंशात या चित्रांत काय शोधतात? कानाच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या खोल भागात, दोन्हीकडे हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा अवयव आहे. १९५३ साली अमेरिकेत एका तरुणाची फेफऱ्याची व्याधी घालविण्यासाठी त्याचे दोन्ही हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढण्यात आले. फेफरे कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणीच्या आठवणीही राहिल्या. मात्र त्यानंतरची कोणतीही नवी घटना त्याच्या स्मरणात टिकली नाही. नवी आठवण घडविण्याचे काम या भागाचे आहे, हे वैद्यकशास्त्राला त्याच्यामुळे कळले. अल्झायमरच्या आजारात हाच भाग लवकर सुकू लागतो. निरोगी वृद्धात तो वर्षाला सुमारे दीड टक्का आकसतो. अल्झायमरच्या रुग्णात साडेचार टक्क्यांच्या आसपास. पाड्यावरचा नव्वदीचा म्हातारा १९४५ च्या वारल्यांच्या उठावाची आपल्या बालपणीची हकीकत तपशीलवार सांगतो आणि सकाळी कोण भेटून गेले हे त्याला सांगता येत नाही, यातील रहस्य येथे आहे. जुने आठवते म्हणून स्मृती ठीक आहे, असे अनुमान काढणे चूक होय.

रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे झालेल्या स्मृतिभ्रंशात एम.आर.आय. चित्रात मेंदूच्या आतील पांढऱ्या भागात डाग, बुजलेल्या वाहिन्यांनी मागे ठेवलेली छिद्रे असे दिसते. परंतु वृद्धांत थोडे डाग सर्रास आढळतात.

येथेच चित्रांची मर्यादा सुरू होते. मेंदू आकसलेला दिसला म्हणजे माणूस स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ठरत नाही. आणि प्रारंभीच्या रुग्णाचे चित्र वयाच्या मानाने ठीक असू शकते. पेट चित्रणात दिसणारे प्रथिन तर कोणतेही लक्षण नसलेल्या नव्वदीच्या माणसांपैकी सुमारे ४४ टक्क्यांत आढळते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनात दिसून आले. चित्र मेंदूचा आकार आणि घटना सांगते; माणसाला चूल पेटविता येते की नाही, हे ते सांगत नाही. अलीकडे रक्ताच्या चाचणीवरून अल्झायमरचा अंदाज घेण्याची पद्धती निघाली असून २०२५ मध्ये अमेरिकेत अशा एका चाचणीस मान्यता मिळाली. परंतु तीही लक्षणे असलेल्यांसाठी, तज्ज्ञाच्या निर्णयास जोड म्हणून आहे.

वापीला न्यावे की न न्यावे

तलासरी हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, राज्याच्या सीमेवर वसलेले आहे. येथून मुंबई सव्वाशे किलोमीटरांहून दूर, तर वापी व सिल्वासा जवळ, म्हणून एम.आर.आय.साठी रुग्ण बहुधा तिकडे नेले जातात. भाडे, काही हजारांचा खर्च, बुडालेली मजुरी, आणि बरोबर जाणाऱ्या माणसाचा दिवस. एवढे करून हाती येणाऱ्या अहवालात “वयोमानानुसार मेंदूचे आकसणे” असे एक वाक्य असले, तर कुटुंबाची फसगत झाल्याची भावना होते. दर विसरणाऱ्या वृद्धाला एम.आर.आय.साठी पाठवावे, हे म्हणून योग्य नव्हे. आधी घरच्यांचे म्हणणे, मग साधी चाचणी, रक्तदाब, साखर, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी, चालू असलेल्या औषधांची पाहणी, हा क्रम असावा. थायरॉइडची उणीव, ब-१२ ची कमतरता, उदासीनतेचा आजार, मद्याचा अतिरेक यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि यांवर उपाय आहेत.

परंतु काही वेळा चित्र काढण्यास एक दिवसाचाही विलंब करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. समजा, एका घरातील साठी उलटलेला गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी ताडावरून उतरताना खालच्या हातभर अंतरावरून घसरला. डोके आपटले, पण रक्त आले नाही, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. आता गेले तीन आठवडे तो गोंधळल्यासारखा वागतो, डोके दुखते म्हणतो, दिवसा झोपतो, एक पाय ओढतो. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साकळल्याचे हे चित्र असू शकते. वृद्धांत व नियमित मद्य घेणाऱ्यांत हे क्षुल्लक माराने होते, आठवड्यांनी प्रकट होते, आणि साध्या सी.टी. स्कॅनमध्ये काही मिनिटांत कळते. शस्त्रक्रियेने ते रक्त काढले की पुष्कळदा माणूस पूर्ववत होतो. ज्याला घरच्यांनी म्हातारचळ म्हटले, तो शेतावर परत जाऊ शकतो. ताडी काढणाऱ्या या मुलखात ही एक गोष्ट प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याला ठाऊक असावी.

याचप्रमाणे, चाल अडखळणे, लघवीवरचा ताबा जाणे व विसरणे ही तिन्ही एकत्र आली, तर मेंदूतील पोकळ्यांत पाणी साठल्याचा संशय येतो. त्यावरही शस्त्रक्रिया आहे. अचानक एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, फिट येणे, तापासह गोंधळणे, किंवा काही दिवसांत-आठवड्यांत झपाट्याने बिघडणे, या सर्वांत रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. सी.टी. पुरेसे असेल तेथे एम.आर.आय.चा आग्रह धरू नये.

एम.आर.आय.ला नेताना घरच्यांना काही सांगून ठेवावे. अंगावरचे सर्व धातूचे दागिने आधीच काढावे लागतात. शरीरात शस्त्रक्रियेची पट्टी, हृदयाचे यंत्र वा धातूचा तुकडा असल्यास ते प्रथम सांगावे. गोंदण असेल तर तेही सांगावे. बोगद्यासारख्या यंत्रात वीस मिनिटे ते अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते आणि यंत्राचा आवाज मोठा असतो. गोंधळलेली वृद्धा यात घाबरते. ओळखीच्या माणसाने आपल्या बोलीत तिला आधी समजावले, तर बरेच निभावते. अहवालाबरोबर चित्रांच्या फिती वा चकती मागून घ्याव्यात आणि पुढील प्रत्येक भेटीत बरोबर न्याव्यात. नाही तर तोच खर्च पुन्हा होतो.

उपाय कोठवर

अल्झायमरचा आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. काही गोळ्यांनी लक्षणे काही काळ सौम्य राहतात. मेंदूत साठणारे प्रथिन कमी करणारी नवी इंजेक्शने आजाराचा वेग थोडा कमी करतात, पण ती अतिशय महाग असून त्यांच्यासाठी वारंवार एम.आर.आय. करून मेंदूत सूज वा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहावे लागते. पाड्यावरच्या वृद्धेला आज त्यांचा उपयोग नाही, असे सरळ म्हणावे.

उपयोग आहे तो अन्यत्र. गोव्यातील दोन तालुक्यांत डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची ८१ कुटुंबे घेऊन एक प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा जाणणारे, विशेष पदवी नसलेले गृहसल्लागार प्रशिक्षित करून त्यांना घरोघरी पाठविण्यात आले. आजार काय आहे, रुग्णाशी कसे बोलावे, रात्री भटकणाऱ्याला कसे सांभाळावे, हे त्यांनी शिकविले. सहा महिन्यांत सेवा करणाऱ्या घरच्या माणसांच्या मनःस्वास्थ्यात सुधारणा दिसली. सून थकली की रुग्ण उघडा पडतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या निष्कर्षाची किंमत कळेल. येथे तर घरचे तरुण वापी-उंबरगावच्या कारखान्यांत किंवा वीटभट्ट्यांवर जातात आणि मागे वृद्ध व लहान मुले राहतात. शाळेत येणारे एखादे मूल “आजीला सांभाळायचे होते” म्हणून गैरहजर राहत असेल, तर शिक्षकाने त्या आजीची चौकशी अवश्य करावी. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ या क्रमांकाची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

प्रतिबंधाच्या बाजूला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू वा लांबू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. त्या यादीत अपुरे शिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याला मार, प्रदूषित हवा, एकाकीपणा ही आहेत. मोतीबिंदूचे शिबिर, रक्तदाबाची गोळी आणि मुलीची शाळा ही तिन्ही कामे आपल्याकडे निरनिराळ्या खात्यांच्या खाती मांडलेली असतात, ही गोष्ट निराळी.

एक बाब तलासरीच्या जमेची म्हणून नोंदवावीशी वाटते. हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि कधीच शाळेत न गेलेल्यांतही हा फरक आढळला. तलासरीचा वारली घरी वारली, कचेरीत मराठी, वापीत गुजराती, कंत्राटदाराशी हिंदी बोलतो. यावर सर्व संशोधकांचे एकमत नाही, हे खरे; पण आदिवासी मुलाची बोली शाळेत तोडून टाकू नये असे म्हणणाऱ्या शिक्षकांना यात एक निराळे कारण मिळते.

कथन नोंदविताना

आता पुन्हा वनहक्काच्या कथनाकडे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचे सर्वच बोलणे निरर्थक ठरवावे काय? तसे नाही. सौम्य अवस्थेत जुन्या घटनांची आठवण बरीच टिकून असते, आणि नेमकी तीच येथे हवी असते. मात्र अशा व्यक्तीला सुचविलेले उत्तर पटकन आपलेसे वाटते. “तुमचा बांध चिंचेपर्यंत होता ना?” असे विचारले की ती होय म्हणेल. “तुमचा बांध कोठवर होता?” असे विचारावे आणि थांबावे. कथन तिच्या बोलीत, सकाळच्या वेळी, घरच्या ओळखीच्या माणसासमोर, शक्य तर प्रत्यक्ष जागेवर घ्यावे. लिहिलेले तिला वाचून दाखवावे. काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरे जुळतात का ते पाहावे. नियमांनुसार एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावयाचे असतातच. तेव्हा एकाच वृद्धाच्या शब्दावर सारा भार टाकण्याचे कारण नाही.

अंगठ्याच्या बाबतीत अधिक कडक राहावे लागेल. निवृत्तिवेतनाची रक्कम काढणे, खाते-वाटणी, हक्कसोड अशा कागदांवर विसरणाऱ्या वृद्धाचा अंगठा घेणे सोपे असते. कागदात काय आहे हे तिने आपल्या शब्दांत सांगितल्याखेरीज तिचा अंगठा घेऊ नये, एवढी पद्धत ग्रामसभेने आपल्यापुरती ठरविली तरी पुष्कळ अनर्थ टळतील. आणि ज्या पाड्यांवर दावे अद्याप निकाली निघालेले नाहीत, तेथील वनहक्क समित्यांनी सत्तरीपुढील माणसांची यादी करून त्यांची कथने याच उन्हाळ्यात, आवणीची कामे सुरू होण्यापूर्वी, नोंदवून घ्यावीत. यादीतील कोण विसरू लागले आहे हे आशा कार्यकर्तीला विचारून त्यांच्यापासून प्रारंभ करावा.